आधी आरोग्यमित्र, मग कॅश काउंटर

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहिलं की सत्तरीच्या पुढच्यांना सरकारचं वेगळं आरोग्य कार्ड मिळतं, आणि बस्स, पत्रांचा ढीगच. निम्म्या पत्रांत एकच ओळ, ‘ताई म्हणजे आता सगळं फुकट ना?’ नाही हो, सगळं फुकट नाही. पण लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच काही आहे, फक्त ते कुठल्या खिडकीवर मिळतं आणि कधी मागायचं हे कुणी सांगत नाही. मी सिव्हिलच्या समाजसेवा विभागात सत्तावीस वर्षं काढली आणि तिथं रोज हेच बघितलं, माणसं आमच्या टेबलाशी यायची ती पैसे भरून झाल्यावर. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला, नुसतं हेच.

प्रश्न : ताई, आमचे वडील 73 वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, पेन्शन आहे, रेशनकार्ड पांढरं. गावात सगळे म्हणतात पेन्शनवाल्यांना योजना नसते. आणि कार्ड निघालंच तर त्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्यात बसतील का? महिन्याला दोन हजाराच्या वर जातात. (एक मुलगा, कराड)

गावात सगळे म्हणतात ते चूक. सत्तर पूर्ण झालेल्या कुणालाही हे कार्ड मिळतं, पेन्शन असो, बंगला असो, रेशनकार्डाचा रंग कुठलाही असो. याचं नाव आयुष्मान वय वंदना कार्ड, 29 ऑक्टोबर 2024 ला सुरू झालं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार कॅशलेस. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, आधार लागतं. आयुष्मान ॲपवरून घरीच काढता येतं, नाहीतर गावातल्या सेवा केंद्रात किंवा योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये. वडील आणि आई दोघंही सत्तरीपुढे असतील तर पाच लाख दोघांत मिळून, प्रत्येकी नाही. पण घराचं आधीच आयुष्मानचं, म्हणजे केंद्राच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर ज्येष्ठांचे हे पाच लाख त्याच्या वेगळे, सुनेच्या नाहीतर नातवाच्या ऑपरेशनला ते वापरता येत नाहीत.

वय आधारवरचं धरतात. आता आपल्याकडची गंमत तुम्हाला माहितीच आहे, मास्तरांनी शाळेत नाव घालताना अर्ध्या गावाचा वाढदिवस 1 जून करून ठेवलाय (तुमचे वडील मास्तरच होते, त्यांनीही केला असेल, विचारा!) आणि आधार काढताना काहींचं वय चार-पाच वर्षांनी कमीच लागलंय. मग माणूस पंच्याहत्तरीचा दिसतो आणि आधार म्हणतं अडुसष्ट. तसं असेल तर आधी आधार दुरुस्ती, तिथं वेळ जातो, म्हणून आजारपण यायच्या आधी बघून ठेवा. दुसरं म्हणजे बोटांचे ठसे. शेतीत हात झिजलेल्या म्हाताऱ्या माणसांचे ठसे मशीन घेत नाही आणि लोक हात हलवत परत येतात. ठसे नाही आले तर मोबाईलवरचा ओटीपी चालतो, चेहऱ्यावरूनही होतं, डोळ्यावरूनही होतं. केंद्रवाला ‘नाही होत’ म्हणाला तर त्याला हे सांगा. आधारला मोबाईल नंबर जोडलेला असला म्हणजे निम्मं काम झालं.

आता गोळ्या. गोळ्या नाही बसत. ही योजना माणूस ॲडमिट झाला की सुरू होते. ओपीडीत दाखवलं, रक्त तपासलं, महिन्याच्या गोळ्या घेतल्या, यातलं काही त्यात नाही. ॲडमिट व्हायच्या आधीचे तीन दिवस आणि डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवस, एवढ्या काळातल्या तपासण्या-औषधं धरतात, बस. पण गोळ्यांसाठी दुसरं दार आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, सिव्हिल इथं तपासणी-उपचार मोफत आहेत, केसपेपरचेसुद्धा पैसे नाहीत. बीपी आणि शुगरच्या नेहमीच्या गोळ्या आरोग्य केंद्रात मिळतात. वडिलांना नेमक्या त्याच कंपनीच्या हव्या असतील तर भांडण तुमचं आणि त्यांचं, पण औषध तेच का हे डॉक्टरांना विचारून घ्या. उरलेल्या जनऔषधी दुकानातून घेतल्या तरी बिल चांगलंच खाली येतं.

एक लक्षात ठेवा, मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं दुसऱ्या खात्याखाली येतात आणि महापालिकेची महापालिकेखाली, तिथं हा 15 ऑगस्टचा निर्णय लागू नाही. तिथं ‘मोफत मोफत’ म्हणून वाद घालू नका, केसपेपर काढा.

प्रश्न : सासूबाईंना छातीत दुखायला लागलं म्हणून रात्री प्रायव्हेट हॉस्पिटलला नेलं, हॉस्पिटल योजनेत आहे, बाहेर बोर्ड आहे. काउंटरवर म्हणाले अप्रूव्हल यायला वेळ लागेल, आत्ता 40 हजार भरा, नंतर परत मिळतील. आम्ही दागिना ठेवून भरले. ॲन्जिओप्लास्टी झाली, डिस्चार्ज झाला, आता म्हणतात ते पैसे योजनेत न बसणाऱ्या सामानाचे होते. केशरी कार्ड आहे आमचं. काय करावं? (एक वाचक, सोलापूर)

तुमचं पत्र वाचून पोटात तुटलं, कारण माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत हेच झालं आणि तेव्हा मी नोकरीत होते, म्हणजे दिव्याखाली अंधार. माझा मावसभाऊ हॉस्पिटलात पोचला, कॅश काउंटर दारातच होतं, वीस हजार भरले, आणि आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या पेशंटना मदत करायला हॉस्पिटलात बसवलेल्या माणसाचं, टेबल कँटीनच्या मागे जिन्याखाली, ते त्याला तिसऱ्या दिवशी चहा आणायला गेल्यावर दिसलं!

तर आधी नियम. तुमची योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. 2012 साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झाली, 2013 च्या नोव्हेंबरात राज्यभर गेली, 2017 मध्ये नाव बदललं, म्हणून अजून कुणी जीवनदायी म्हणतं, कुणी फुले योजना. पूर्वी दीड लाखांची होती आणि पिवळ्या-केशरी कार्डापुरती, शिवाय शेतकरी आत्महत्या जास्त असलेल्या चौदा जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना. जुलै 2023 च्या शासन निर्णयानं ती राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना खुली केली आणि रक्कम पाच लाख केली, प्रत्यक्षात लागू व्हायला 2024 चा जुलै उजाडला. केंद्राची आयुष्मान आणि राज्याची फुले या दोन्ही महाराष्ट्रात 2020 पासून एकत्र चालतात, त्यामुळे हॉस्पिटल एकच, टेबल एकच, आरोग्यमित्र एकच.

योजनेत बसणाऱ्या उपचाराला पॅकेज ठरलेलं असतं. त्यात जनरल वॉर्डचा बेड, डॉक्टर, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, औषधं, तपासण्या, स्टेंटसारखं आत बसवायचं सामान, पेशंटचं जेवण हे सगळं धरलेलं असतं, इतकंच काय घरी परत जायचं एसटीचं नाहीतर रेल्वेच्या सेकंड क्लासचं एका वेळचं भाडंही पॅकेजमध्ये आहे, जे आजवर कुणी मागितलेलं मी पाहिलं नाही. म्हणजे ‘सामानाचे वेगळे’ हे उत्तर टिकत नाही. डिपॉझिट घ्यायचंच नसतं. आणि रात्री तातडीनं आणलेल्या पेशंटला अप्रूव्हलसाठी सकाळपर्यंत थांबायचं कारण नाही, फोनवरून तातडीची मंजुरी घ्यायची सोय आहे, रेशनकार्डासारखे कागद घरून नंतर आणून देता येतात.

आता तुम्ही करायचं ते असं. 40 हजारांची पावती आहे का बघा, नसेल आणि कच्च्या चिठ्ठीवर घेतले असतील तर ती चिठ्ठी जपा, ऑनलाइन भरले असतील तर मोबाईलवरचा मेसेज. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स. मग 155388 ला फोन करून तक्रार नोंदवा, तक्रारीचा नंबर घ्या, आणि जिल्ह्यात योजनेचे जिल्हा समन्वयक असतात त्यांना लेखी द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीचं ऑफिस वरळीला आहे, तिकडे नंतर. तक्रार खरी निघाली तर हॉस्पिटलला पैसे परत द्यायला लावता येतात, दंडही होतो, योजनेतून काढताही येतं, आणि हॉस्पिटलवाल्यांना ते ठाऊक असतं म्हणून बऱ्याचदा फोन गेल्यावरच सूर बदलतो.

पण एक विचारते, रागावू नका. ॲडमिट करताना कुणी सह्या घेतल्या का? फॉर्मच्या गठ्ठ्यात कधीकधी एक कागद असतो, ‘आम्हाला योजनेचा लाभ नको, आम्ही स्वखर्चानं उपचार घेत आहोत’. त्यावर तुमची सही असेल तर तक्रार अवघड होते, अशक्य नाही होत. तशीच स्पेशल रूमची गोष्ट, योजना जनरल वॉर्डची आहे, ‘आईला जरा शांत खोली द्या’ म्हटलं की तुम्ही योजनेच्या बाहेर पडलात असं समजतात. पुढच्या वेळी, म्हणजे देव करो आणि न येवो, दारातून आत गेल्यावर पहिला प्रश्न ‘आरोग्यमित्र कुठे बसतात?’ पाकीट त्यानंतर. आणि सह्या वाचून.

प्रश्न : वडिलांनी नाशिकला अंबडच्या एका कंपनीत 22 वर्षं काम केलं, पगारातून ईएसआय कापायचे. आता साठीला रिटायर झाले तर कार्ड बंद झालं का? सत्तरीला अजून दहा वर्षं आहेत. (एक मुलगी, नाशिक)

बंद झालं असं सगळे समजतात आणि गप्प बसतात, म्हणून तुमचं पत्र मला फार आवडलं. रिटायर होण्याआधी किमान पाच वर्षं ईएसआयखाली, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याखाली, नोकरी झालेली असेल, तर निवृत्तीनंतरही नवरा-बायको दोघांना ईएसआयची वैद्यकीय सेवा मिळते आणि त्याचे पैसे किती? वर्षाला 120 रुपये. बरोबर वाचलंत, महिन्याला दहा रुपये. व्हीआरएस घेतली असेल तरी चालतं. कामावर अपघात होऊन कायमचं अपंगत्व आलं आणि नोकरी गेली अशांनाही साधारण अशीच सोय आहे.

वरच्या योजनेत गोळ्या नाहीत म्हणून मी कराडच्या मुलाला नाराज केलं, इथं मात्र ओपीडी आहे, दवाखान्यातून औषधं आहेत, गरज पडली तर मोठ्या हॉस्पिटलला पाठवायची सोय आहे. दवाखान्यात गर्दी असते, औषध कधी संपलेलं असतं, ते सगळं धरूनसुद्धा 120 रुपयांत दोन माणसांचं वर्षभर! मी तर म्हणेन फुले योजना आणि ही, दोन्ही हाताशी ठेवा. कंपनीकडून नोकरीचा आणि निवृत्तीचा दाखला घ्या, वडिलांचा ईएसआयचा नंबर शोधा (जुन्या पगाराच्या स्लिपवर असतो), आणि ईएसआयच्या शाखा कार्यालयात अर्ज द्या. कंपनी बंद पडायच्या किंवा एचआरमधला ओळखीचा माणूस बदलायच्या आत जा. दरवर्षी पैसे भरायला विसरू नका, 120 रुपये ही विसरण्यासारखीच रक्कम आहे.

प्रश्न : माझा मुलगा 14 वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, बसता येतं, चालता येत नाही. फिजिओथेरपीला आठवड्याला तीन वेळा न्यावं लागतं, रिक्षाचेच पैसे होत नाहीत. प्रायव्हेट विमावाले त्याचं नाव ऐकून फोन ठेवतात. आमच्यासाठी काही आहे का, की फक्त म्हाताऱ्यांसाठीच असतं सगळं? (एक आई, इचलकरंजी)

आहे. आणि तुमचा राग योग्य आहे, कारण ही योजना कुणी सांगतच नाही, जाहिरात नाही, बोर्ड नाही. तिचं नाव निरामय. नॅशनल ट्रस्ट म्हणून केंद्राची संस्था आहे, 1999 च्या कायद्याखालची, ती फक्त चार प्रकारच्या अपंगत्वासाठी काम करते, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता. तुमचा मुलगा त्यात येतो. निरामयमध्ये वर्षाला एक लाखापर्यंतचा विमा आहे, आधी कसली वैद्यकीय तपासणी नाही, आधीपासून आजार आहे म्हणून नकार नाही, वयाची अट नाही. आणि मुख्य म्हणजे यात ॲडमिट व्हावंच लागतं असं नाही. ओपीडी आहे, तपासण्या आहेत, थेरपी आहे, आणि ने-आण करायच्या खर्चाचीसुद्धा थोडी तरतूद आहे. प्रत्येक गोष्टीला आतली मर्यादा ठरलेली आहे, म्हणजे लाखभर रुपये सगळे थेरपीवर नाही वापरता येणार. ने-आणीचे तर वर्षाला हजारच, तुमच्या रिक्षाला ते दोन आठवडे पुरतील, पण थेरपीचा भाग उपयोगी पडतो.

नाव नोंदवताना दारिद्र्यरेषेखालच्यांना 250 रुपये, वरच्यांना 500, मग दरवर्षी नूतनीकरण. नोंदणी नॅशनल ट्रस्टकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होते, बहुतेक वेळा विशेष मुलांची शाळा किंवा पालक संघटना अशी नोंदलेली असते, मुलगा शाळेत जात असेल तर तिथंच आधी विचारा. हे कॅशलेस नाही बरं का, आधी खर्च करायचा आणि मग बिलं पाठवायची, म्हणून थेरपिस्टकडून दर वेळी पावती घ्यायची, शिक्का असलेली, तारीख असलेली. ‘महिन्याचं एकदम लिहून देतो’ म्हणतात आणि मग लिहून देत नाहीत. एक जाडजूड फाईल करा आणि बिलं साठवून न ठेवता लगेच पाठवा.

याच्या आधी एक पायरी आहे ती म्हणजे यूडीआयडी कार्ड, अपंगत्वाचं ओळखपत्र, स्वावलंबन कार्ड म्हणतात ते. ऑनलाइन अर्ज करायचा आणि सिव्हिलच्या बोर्डापुढे मुलाला न्यायचं. कार्डावर रंगाची पट्टी असते, चाळीस टक्क्यांच्या आत पांढरी, चाळीसपासून ऐंशीच्या आतपर्यंत पिवळी, ऐंशी आणि वर निळी. 2016 च्या कायद्यानं 21 प्रकारची अपंगत्वं धरली आहेत आणि बहुतेक सवलतींना चाळीस टक्के ही रेघ आहे. बोर्डाच्या दिवशी गर्दी फार, सकाळी लवकर जा, मुलाचा डबा, पाणी, जुने सगळे रिपोर्ट बरोबर ठेवा. व्हीलचेअर असेल तर ती न्या, नाहीतर तिथं एकच असते आणि तिचं एक चाक बसलेलं असतं. (आमच्याकडे तरी बसलेलं होतं, मी रिटायर होईपर्यंत.)

पायाचं ऑपरेशन वगैरे डॉक्टरांनी सुचवलं तर ते फुले योजनेत विचारा, तिथं रेशनकार्डावर कुटुंबातल्या सगळ्यांचं नाव धरतात, म्हणून रेशनकार्डात मुलाचं नाव आहे ना हे आजच बघा. कितीतरी घरांत अपंग मुलाचं नाव कार्डात चढवलेलंच नसतं, का ते मी इथं लिहीत नाही, तुम्हालाही माहिती असेल.

आणि विचारलं नाहीत तरी सांगते, मुलगा अठराचा झाला की कायद्यानं तुम्ही त्याच्या आपोआप पालक राहत नाही. सेरेब्रल पाल्सी असलेली सगळीच मुलं स्वतःचे निर्णय घेऊ शकत नाहीत असं मुळीच नाही, तुमचा घेत असेल तर उत्तमच. पण गरज असेल तर नॅशनल ट्रस्टच्या कायद्याखाली कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं, त्यासाठी जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. चार वर्षं आहेत, पण बँकेनं अडवल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

प्रश्न : मी पुण्यात ड्रायव्हर आहे, गाव लातूरकडं. सासऱ्यांना मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलमध्ये न्यायला सांगितलंय. वर्षाचं उत्पन्न दोन लाखाच्या आसपास. तिथं गेलो तर म्हणतात गरिबांचे बेड फुल आहेत. रेशनकार्ड लातूरचंच आहे, पुण्यात चालतं का?

रेशनकार्ड चालतं, महाराष्ट्रातलं कुठलंही चालतं, लातूरचं असलं म्हणून फुले योजना पुण्यात बंद होत नाही. आधी हे बघा की ते हॉस्पिटल फुले योजनेत आहे का, असेल तर आधी तो रस्ता. सासऱ्यांचं नाव त्यांच्या स्वतःच्या रेशनकार्डात असेल, तुमच्या नाही, तेच कार्ड आणायचं.

धर्मादाय हा वेगळा रस्ता आहे. ट्रस्टची हॉस्पिटलं सरकारकडून सवलती घेतात, त्याच्या बदल्यात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 41 कक आणि मुंबई हायकोर्टानं मंजूर केलेली योजना यांच्यामुळे त्यांना 10 टक्के बेड निर्धनांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवावे लागतात. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न एक लाख ऐंशी हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे तीन लाख साठ हजारांपर्यंत. उत्पन्न दोन लाख धरलं तर दुसरा गट, म्हणजे बिलात पन्नास टक्के सूट, पण तहसीलदाराचा दाखला लागेल आणि तो ज्या कुटुंबाचा पेशंट त्या कुटुंबाचा. सासरे वेगळे राहत असतील, त्यांचं उत्पन्न तुमच्यापेक्षा कमी असेल, तर ते पहिल्या गटात बसू शकतात, हा हिशोब कुणी करत नाही.

‘बेड फुल’ हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की ते हॉस्पिटलच्या भिंतीवर रंगवून ठेवायला हरकत नाही. कधी खरंच फुल असतात, खोटं कशाला सांगू. पण तोंडी उत्तर घेऊ नका. हॉस्पिटलमधल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, कॅशियरला नाही, आणि ‘बेड नाहीत’ हे लिहून मागा. लिहून द्यायची वेळ आली की काही वेळा बेड सापडतो. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे तक्रार करता येते, पुण्यात त्यांचं ऑफिसच आहे. या हॉस्पिटलांना पेशंटांच्या बिलातले 2 टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकावे लागतात, ‘त्या निधीतून बघा’ एवढं वाक्य समाजसेवकापुढे बोललात तरी समोरच्याला कळतं की तुम्ही माहिती काढून आलाय. आणि तातडीचा पेशंट असेल तर डिपॉझिट न मागता दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यायचेच असतात, तिथं बेडचा कोटा वगैरे नंतर.

आता भराभर काही.

‘वडील माजी सैनिक, ईसीएचएस आहे, वय 76, वय वंदना काढू का?’ (सातारा) दोन्ही एकदम नाही मिळत, एक निवडावं लागतं. केंद्र सरकारी नोकरांच्या सीजीएचएसवाल्यांनाही तसंच. मी तरी ईसीएचएस सोडणार नाही, तिथं पॉलिक्लिनिकमधून रोजची औषधं मिळतात, वय वंदनात ती नाहीत.

‘आमची खाजगी मेडिक्लेम आहे, मग हे कार्ड चालेल?’ (ठाणे) चालेल. खाजगी विमा किंवा ईएसआय असलं तरी सत्तरीपुढच्यांना हे कार्ड मिळतं. पण कार्ड आलं म्हणून मेडिक्लेमचा हप्ता थांबवू नका, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं हॉस्पिटल योजनेत नसलं तर काय कराल.

‘आई माझ्याकडे बडोद्याला असते, कार्ड महाराष्ट्रातलं.’ आयुष्मानचं कार्ड असेल तर ते बाहेरच्या राज्यातल्या योजनेतल्या हॉस्पिटलमध्येही चालतं, 14555 ला फोन करून जवळचं विचारा. फक्त रेशनकार्डावरची फुले योजना असेल तर तिचं सगळं महाराष्ट्रात.

‘आम्ही निपाणीकडचे, आमचं काय?’ सीमाभागातल्या 865 गावांना महाराष्ट्रानं फुले योजना लागू केली आहे, गाव यादीत आहे का ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राकडून बघून घ्या.

‘गोव्यात काय आहे?’ (डिचोली) तिथं 2016 पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, पाच वर्षं किंवा जास्त गोव्यात राहणाऱ्यांना, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाख. कार्डाची मुदत बघत जा, लोक संपलेलं कार्ड घेऊन जातात.

‘डायलिसिस आठवड्यातून दोनदा, पाच लाख संपतील का?’ (जालना) प्रत्येक वेळचे पैसे त्या रकमेतून कापले जातात हे खरं. सिव्हिलमध्ये मोफत डायलिसिसची सोय आहे, तिथं नंबर लावून ठेवा, म्हणजे मोठं काही उद्भवलं तर योजनेचे पैसे शिल्लक राहतील.

‘गुडघा बदलायचाय, कुठेही होईल का?’ काही ऑपरेशनं फक्त सरकारी हॉस्पिटलसाठी राखून ठेवलेली असतात आणि यादी बदलत असते. तुम्हाला हवं ते हॉस्पिटल ‘योजनेत आहे’ म्हणजे सगळं करतं असं नाही, एखादं फक्त डोळ्यांचं किंवा फक्त किडनीचं काम योजनेत करतं. ऑपरेशनचं नाव सांगून विचारा, नुसतं ‘योजना आहे का’ नको.

प्रश्न : ताई, तुम्ही लिहिता ते सगळं कागदावर छान. मी आईला घेऊन तीन दिवस फिरलो, एका ठिकाणी आरोग्यमित्र जेवायला, दुसऱ्या ठिकाणी सर्व्हर डाऊन, तिसरीकडं म्हणाले हा पेशंट आमच्या पॅकेजमध्ये नाही. शेवटी कर्ज काढलं. हे सगळं जाहिरातीपुरतं आहे असं स्पष्ट लिहा. (एक वाचक, बीड)

स्पष्ट लिहिते, तुमच्यावर जे गुदरलं ते खरं आहे आणि तुम्ही एकटे नाही. आरोग्यमित्र म्हणजे कमी पगारावरचं कंत्राटी पोरगं किंवा पोरगी, हॉस्पिटल त्यांच्यावर डोळे वटारतं, पेशंट त्यांच्यावर ओरडतात, आणि जेवायला गेलं की टेबल रिकामं. हॉस्पिटलांचीही रड असते की योजनेचे पैसे सरकारकडून उशिरा येतात, म्हणून ती रोकडीच्या पेशंटला आधी घेतात. यातलं काहीही तुमच्या आईच्या दुखण्यावर उत्तर नाही.

जाहिरातीपुरतं आहे हे मात्र मी नाही लिहिणार, कारण याच योजनेत बायपास करून चालत घरी गेलेली माणसं मी स्वतः बघितली आहेत, पिवळ्या कार्डावर, एक रुपया न देता. तुम्ही फिरलात त्या तिन्ही ठिकाणच्या तारखा आणि वेळा लिहून 155388 ला सांगा. कर्ज फिटणार नाही त्यानं. पण तिसऱ्या ठिकाणी ‘पॅकेजमध्ये नाही’ म्हणाले ते खरं होतं का, की सोयीचं होतं, हे तरी कळेल, आणि आईला पुन्हा न्यायची वेळ आली तर कुठल्या दारात जायचं नाही हे आधीच ठरवता येईल. आईच्या आजाराचं नाव तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स पाठवा, पॅकेजमध्ये होतं की नव्हतं ते मी विचारून सांगते.